शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं

सत्तावीस वर्षं मी ओउलूत बस चालवते आहे.
शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं मिळतात.
त्यातली चार बर्फ खातो,
एक तो म्हातारा,
ज्याला कार्ड कुठल्या खिशात ते आठवत नाही.
उरलेल्या दोनांत कोण जाऊन येणार
चालकांच्या त्या कुलूपबंद खोपटात,
लोकरीचे तीन थर उतरवून, पुन्हा चढवून?

म्हणून पोटाला सांगायचे: नंतर.
पोट शहाणं. ऐकायचं.
घरी पोचल्यावर म्हणायचे, हं, आता.
ते म्हणायचं, कशाबद्दल बोलते आहेस?

आधी दोन दिवस, मग चार.
मग त्याने विचारणंच सोडलं,
दर खेपेला दार बंद मिळालेलं माणूस
त्या गल्लीनेच यायचं टाळतं, तसं.
रविवारी रेचक घ्यायचे.
रविवार असा गेला. सगळे रविवार.

डॉक्टर पिहला माझ्या मुलीहून लहान.
पोट चाचपलं, रक्त तपासलं,
आणि जे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं
ते असं विचारलं, जसं मी विचारते:
कुठे उतरणार?
म्हणाली, घाबरायचं कारण नाही.
घाईचंही नाही. पाणी किती पिता?

पाणी!
चालकाला पाणी म्हणजे उधारी,
दोन तासांत वसुलीला येते.

इसबगोलाचा डबा. तळाशी बारीक अक्षरांत: भारत.
कुठल्या उन्हातून निघालेला हा कोंडा
उणे बावीसात माझ्या ओट्यावर उतरला होता.
माझ्या मार्गाहून लांबचा मार्ग.
एक चमचा, मोठा पेला, ढवळायचं आणि लगेच प्यायचं.
पहिल्या दिवशी मध्येच फोन घेतला;
परतले तर पेल्यात खळ,
चमचा त्यात पहारेकऱ्यासारखा उभा.

पहिला आठवडा नुसता वारा.
मी खिडकी उघडी ठेवून बस हाकली.
प्रवासी कुडकुडले, पण समजून घेतलं:
बाईंचं वयच तसं.
मी मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात डबा कपाटात मागे ढकलला.

मग सौनात एकदा, आम्ही पाच चालक बायका,
कोणाच्या अंगावर सूत नाही,
घटस्फोट, कर्जं, गाठी, सगळं बोलून झालेलं.
ही एकच गोष्ट आमच्यात
अंगभर कपडे घालून बसलेली.
मी म्हटलं, मला होत नाही.
तापल्या दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं.
मग हेल्का म्हणाली, मलाही.
मग रितवा. मग वरच्या फळीवरून,
वाफेतून, एक आवाज: अकरा वर्षं.

त्या सोमवारी आम्ही वेळापत्रकवाल्या रिस्तोलाकडे गेलो.
कारण काय, त्याने विचारलं.
आम्ही सांगितलं.
तो बराच वेळ आपल्या कॉफीत बघत राहिला.
बारा मिनिटं मिळाली.

डबा पुन्हा पुढे आला. अर्ध्या चमच्यापासून.
दह्यात दळलेले जवस, रात्री भिजवलेले सुके आलुबुखार,
न्याहारीनंतर नदीकाठाने वीस मिनिटं,
बुटांत काटेरी पट्टे लावून.
आणि मग, काही न होताही,
दहा मिनिटं बसणं. वर्तमानपत्राशिवाय.
ताउनोने काही विचारलं नाही. तो विचारत नाही.
एका शनिवारी संडासात बर्चचं बुटकं पायठाण दिसलं,
कडा घासून गुळगुळीत,
गुडघे वर यावेत इतकंच उंच.
डॉक्टरांचा कागद त्याने कधी वाचला, कोण जाणे.

कधी होतं, कधी नाही.
मी वहीत टिंबं देते, आणि रिकाम्या जागा सोडते.

काल शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद केलं
आणि आतून कोणीतरी
फार वर्षांनी, जरा बिचकतच,
कडी वाजवली.
मी उठले. किल्ली घेतली.
म्हातारा दारात, एक हात कोटाच्या आतल्या खिशात,
ओशाळलेला.
म्हटलं, शोधा सावकाश, आजोबा.
मलाही थोडा वेळ लागणार आहे.